विहीणबाईंचं छप्पर

'अंदाजे' हा शब्द ज्याने कोणी काढला, त्याला एकदा कौलांवर चढवून खालून शिडी काढून घ्यावी, असं मोजपट्टीबाईंचं ठाम मत होतं.

सकाळी फोन वाजायचा तोच या शब्दाने. "बाई, छप्पर बदलायचंय, अंदाजे किती येईल?" घर केवढं आहे, विचारलं की म्हणायचे, "असंच हो, मध्यम." कौलं आहेत की पत्रे, विचारलं की, "वरून लाल दिसतं." उतार किती, कोपरे किती, मधे धुराडं आहे का, आधी कधी बदललंय का, यातल्या एकाचंही उत्तर नाही. पण आकडा मात्र हवा, आणि तोही फोन ठेवायच्या आत. बाई म्हणायच्या, "मी येते, माळ्यावर चढून बघते, मग सांगते." पलीकडून हमखास यायचं, "अहो, ढोबळ सांगा ना, आम्ही काही धरून बसणार नाही." आणि बसायचे की धरून! स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारा माणूस तो ढोबळ आकडा मात्र जन्मभर विसरत नाही.

छपरं बदलायचा हा धंदा मुळात बाईंच्या नवऱ्याचा. माणूस भला, अगदी नको इतका भला. रस्त्यात उभा राहायचा, मान वर करायचा, एक डोळा बारीक करायचा आणि भाव सांगून मोकळा व्हायचा. मग कौलं उतरवली की खाली कुजका वासा निघायचा, आणि "बोललो ते बोललो" म्हणत हा गृहस्थ पदरचे घालायचा. दर दुसऱ्या कामात हेच. तो गेला तेव्हा बाईंच्या हाती काय आलं, तर चार शिड्या, एक खटारा टेम्पो, एक मिस्त्री आणि 'फार दिलदार होते हो' अशी कीर्ती. त्या कीर्तीवर वाणी डाळ देईना. बाईंनी तेव्हाच कानाला खडा लावला. आपण स्वतः माळ्यावर चढल्याशिवाय, टोचणी घेऊन वासे टोचून बघितल्याशिवाय आणि फीत लावल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचा नाही, मग समोर कोणीही असो. मोजपट्टीबाई हे नाव लोकांनी चिडवायला म्हणून पाडलं होतं. बाईंनी ते पुढे घेतलेल्या नव्या टेम्पोवर रंगवून घेतलं.

आता लोकांना वाटतं, छपराचा खर्च म्हणजे कौलांचा खर्च. डोंबल! कौलं तर सगळ्यांत शेवटी येतात. आधी परांची बांधायची, तिचं भाडं. मग जुनं उतरवायचं, ते काय फुंकर मारून उडत नाही. उतरवलेला राडारोडा ट्रक भरभरून कुठेतरी नेऊन टाकायचा, त्याचे वेगळे. मग फळ्या, वासे, रिपा. ते कुजलेत की शाबूत आहेत, हे वरचं सगळं निघाल्याशिवाय कळत नाही. त्यावर पाणी अडवणारा जाड कागद. दोन उतार मिळतात तिथली खाच, धुराड्याभोवतीची पत्र्याची पट्टी, कडेची पन्हाळ. आणि माप घ्यायचं ते जमिनीचं नाही, उताराचं. हजार फुटांच्या घराचं छप्पर हजार फूट नसतं, उतार उभा असला तर ते तेराशेही भरतं. हे सगळं बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा कोरडा होईपर्यंत सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "मी देईन त्या आकड्याचा पाचवा हिस्सा आणखी बाजूला काढून ठेवा, आत काय निघेल ते माझ्या हातात नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि शेवटी विचारायचं, "ते सगळं ठीक आहे, पण अंदाजे किती?"

अशा या बाई. त्यांना एकुलती एक लेक, आणि वर्षभरापूर्वी तिचं लग्न झालं, इथून पुढचा सगळा घोळ.

मुलगा चांगला होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. बाईंनी धसका घेतला होता तो त्याच्या आईचा. विहीणबाईंचं पडद्यांचं दुकान होतं, घराच्या खालीच. उंच, धिप्पाड, आवाज असा की दुकानात बोलल्या तर वर स्वयंपाकघरात दुधावरची साय हलावी. लग्न ठरवताना पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे आडपडदा नसतो, आम्ही स्पष्ट बोलतो." पडदे विकणाऱ्या बाईने असं म्हणावं याचं बाकीच्यांना हसू आलं. मोजपट्टीबाईंना मात्र हसू आलं नाही. जे लोक आपण स्पष्ट बोलतो म्हणून आधीच सांगतात, ते दुसऱ्याच्या लेकीला काय काय स्पष्ट ऐकवत असतील?

लेक फोनवर म्हणायची, "बरी आहे गं." बाई विचारायच्या, "नक्की ना?" लेक म्हणायची, "हो, नक्की. नंतर करते, दुकानात माणसं आहेत." फोन ठेवला की बाई मिस्त्रींना सांगायच्या, "बघा, मोकळेपणाने बोलूसुद्धा देत नाहीत पोरीला." मिस्त्री म्हातारे, पोक्त, नवऱ्याच्या वेळेपासूनचे. ते म्हणायचे, "माणसं असतील हो दुकानात." पण बाईंच्या मनाने एकदा घेतलं ते घेतलं. लेक तिथे सोसतेय आणि आपल्याला सांगत नाही, हे त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं.

अशात विहीणबाईंचा फोन आला. वरच्या खोलीत पाणी येतंय, मुलगा-सुनेच्या पलंगावरच टपकतंय, बघून जाता का?

बाई गेल्या. त्या वेळी शिडी टेम्पोतच होती, टोचणी पिशवीत होती, फीत कमरेला होती. सरळ माळ्यावर चढायचं सोडून त्या बैठकीत सोफ्यावर बसल्या, कारण विहिणीच्या घरी दारातूनच शिडी लावायची तरी कशी! चहा आला, बिस्किटं आली. विहीणबाईंच्या नणंद, ज्यांना सगळं घर आत्याबाई म्हणायचं, त्या मुद्दाम येऊन बसल्या होत्या. आत्याबाईंना कामधंदा नव्हता, मतं मात्र पुष्कळ होती.

"बरं झालं बाई," आत्याबाई म्हणाल्या, "घरचंच माणूस आहे. बाहेरचे नुसते लुबाडतात. घरच्या माणसाला काय सांगायला लागतं? आणि घरच्या माणसाकडून कोणी नफा काढतं का?"

"आत्याबाई, तुमचा चहा निवतोय," विहीणबाई म्हणाल्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "तर विहीणबाई, अंदाजे किती येईल?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे उडवून लावलं असतं. पण समोर दारात ट्रे घेऊन लेक उभी होती. डोळे ओढलेले, डोळ्यांखाली काळं. रात्र रात्र छप्पर गळत होतं, बादली बदलायला उठावं लागत होतं, आणखी काय होणार? पण बाईंना त्यात भलतंच दिसलं. आता मी मोठा आकडा बोलले, तर मी निघून गेल्यावर ही दोन तोंडं हिला सोलून काढणार, 'तुझ्या आईने बरा हात मारला' म्हणून. हे मनात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "तीन."

"तीन काय?"

"तीन लाख."

"सगळं धरून?"

"सगळं धरून," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांनी धंद्यात पडल्यापासून कधी तोंडातून काढले नव्हते.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम कसनुसा झाला. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. आत्याबाई मात्र खूश झाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" लेकीने ट्रे उचलला आणि आईकडे न बघता आत गेली. बाईंना वाटलं, तीन लाखसुद्धा यांना जास्तच वाटले.

टेम्पोत बसल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "माळा कसा आहे?"

"बघितला नाही."

"मग भाव?"

"सांगितला."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मावशी, आज मला साहेबांची आठवण झाली." मिस्त्री वयाने मोठे असूनही सगळ्या कामगारांसारखे बाईंना मावशीच म्हणायचे. बाई फाडकन म्हणाल्या, "गप्प बसा आणि गाडी चालवा." पण गाडी त्या स्वतःच चालवत होत्या.

काम सुरू झालं आणि व्हायचं तेच झालं. वरची कौलं निघाली तर खाली गंजके पत्रे. म्हणजे मागे कोणीतरी जुनं न काढता त्यावरच नवं चढवलं होतं, तेवढाच उतरवण्याचा खर्च वाचवला होता त्या शहाण्याने! पत्रे निघाले तर खाली फळ्या अशा, की टोचणी लावायचीही गरज नाही, बोट दाबलं तरी आत जावं. तीन वासे बदलण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. दोन उतारांच्या खाचेत पाणी मुरून मुरून भिंतीचा माथाही ढिला झाला होता. आणि उतार इतका उभा, की बाईंनी सोफ्यावरून मनात धरलेलं माप साफ कोलमडलं. त्यांनी परांचीवर उभ्या उभ्या हिशेब केला. पाच लाख चाळीस हजार. त्यात नफा एका दमडीचा नाही.

"खाली जाऊन सांगा," मिस्त्री म्हणाले. "फळ्या दाखवा. डोळ्यांनी बघतील तर मान्य करतील. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर तुम्ही इथूनच ओरडून सांगितलं असतं."

"हे दुसऱ्या कोणाचं नाही."

"अहो पण—"

"मिस्त्री, नव्या फळ्या टाका. चांगल्या टाका. खाली माझी लेक झोपते."

झालं! मिस्त्रींनी कपाळावर हात मारला आणि फळ्या टाकल्या. बाईंनी टेम्पो विकायला काढला. नवीन घेतलेला, दोन वर्षांचा, ज्याच्यावर नाव रंगवलं होतं तो. एक गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं आणि त्यानेही विचारलं, "अंदाजे किती सोडाल?" बाईंनी त्याच्यावर जो जाळ काढला, तो खरं म्हणजे स्वतःवरचा होता.

एवढं कमी होतं म्हणून की काय, विहीणबाईंनी वेगळंच सुरू केलं. दुसऱ्या दिवशी त्या अंगणात उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "विहीणबाई, आता चढलाच आहात तर पन्हाळही नवीन टाकता का?"

'आता चढलाच आहात तर.' हे वाक्य बाईंना 'अंदाजे'पेक्षाही नकोसं होतं. या वाक्यावर किती कामं फुकट गेलीत याचा हिशेब नाही. पण त्या वरून म्हणाल्या, "हो हो, त्यात काय."

मग पन्हाळीच्या पाठोपाठ धुराडं. "आता तिथवर गेलाच आहात तर त्याच्याभोवतीची पट्टीही बदला." बदलली. मग जिन्यावर उजेड येत नाही म्हणून काचेची दोन कौलं. बसवली. मग दुकानाच्या दारावरची छोटी पडवी. तीही धरली. प्रत्येक वेळी विहीणबाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, काम सांगायच्या आणि बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायच्या. बाई दात ओठ खात म्हणायच्या, "हो हो, त्यात काय." विहीणबाईंचा चेहरा आणखी आंबट व्हायचा आणि त्या पाय आपटत दुकानात जायच्या. वर मिस्त्री पुटपुटायचे, "काय बाई आहे! इकडे फुकट मिळतंय आणि वर तोंड फुगवतेय."

बाईंना यातलं काही लागत नव्हतं. लागत होतं ते लेकीचं वागणं. इतके दिवस त्या रोज त्या घरावर चढत होत्या, आणि पोटची पोर धड बोलत नव्हती. दुपारी चहा आणून परांचीशी ठेवायची आणि निघून जायची. "बस ना जरा," म्हटलं तर, "काम आहे." जावई येता-जाता "कशा आहात आई?" एवढं विचारायचे आणि खाली मान घालून सटकायचे. आपण एवढं करतोय तरी हिचा जाच कमी होत नाही. उलट वाढलाय. तीन लाखांवरूनही बोलत असतील का तिला? जिथे लेकीचं तोंड उघडत नाही तिथे आपण आणखी काय ओतायचं?

आणि मग तो दिवस उजाडला. छप्पर जवळजवळ पुरं झालं होतं, कौलांच्या शेवटच्या ओळी बसत होत्या. विहीणबाई अंगणात आल्या. कमरेवर हात. वर बघितलं.

"विहीणबाई, आता चढलाच आहात तर मागची कोठीची शेडही करून टाका. तिचेही पत्रे खराब झालेत."

बाईंच्या हातात एक कौल होतं. त्यांनी ते हळू, अगदी हळू खाली ठेवलं, कारण फेकलं असतं तर कोणाच्या तरी डोक्यात गेलं असतं. मग त्या शिडीवरून भराभरा उतरल्या. उतरताना पाठ करूनच उतरायचं असतं, त्यामुळे पहिली दोन वाक्यं त्यांनी भिंतीलाच सुनावली.

"पाच लाख चाळीस हजार!" जमिनीवर पाय टेकताच त्या वळून म्हणाल्या. "कळलं? तुमचं छप्पर पाच लाख चाळीस हजारांचं आहे. खाली पत्रे निघाले, फळ्या कुजलेल्या, वासे कुजलेले, भिंतीचा माथा ढिला. पन्हाळ त्यात नाही. धुराडं त्यात नाही. काचेची कौलं, पडवी, काही काही नाही! आणि आता शेड? शेड करा, मग रस्ता करा, मग समोरच्याचंही घर करा! मी काय माणूस आहे की आणखी काय आहे? तीन लाख म्हणाले, ती माझी चूक. माळ्यावर न चढता बोलले, माझी चूक. पण तुम्हाला जरा तरी लाज?"

वर मिस्त्रींचा हातोडा थांबला. आत्याबाई खिडकीत आल्या होत्या, त्यांनी पटकन पडदा ओढला.

विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला आणि मोठा श्वास सोडला. "सुटले!" त्या म्हणाल्या. "बोललात बाई एकदाच्या!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुम्हाला बोलवायच्या आधी तीन जणांना दाखवलं होतं मी. एक म्हणाला पाच, एक साडेपाच, एक सहा. ते तिघं माळ्यावर चढले होते. तुम्ही सोफ्यावर बसून तीन म्हणालात! मी जन्मभर दुकान चालवलंय, विहीणबाई. असा भाव कोण पाडतं? एक तर ज्याचा माल वाईट असतो तो, नाहीतर ज्याला समोरच्याची कीव येते तो. तुमचा माल वाईट नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे आमची कीव. आम्ही काय भिकेला लागलोय? रात्रभर मला झोप नाही लागली त्या दिवशी."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं होतंत! तुम्ही तर स्पष्ट बोलता ना?"

"कशी बोलणार? सुनेची आई! मी म्हटलं असतं की जास्त घ्या, तर आत्याबाई म्हणाल्या असत्या पैशाचा माज दाखवते. म्हणून म्हटलं कामं वाढवत जावं. कुठेतरी ही बाई चिडेल आणि खरा आकडा बोलेल. पन्हाळीला चिडल्या नाहीत, धुराड्याला चिडल्या नाहीत. मला वाटायला लागलं, बाई माणूस आहेत की दगड? शेड तर आम्हाला पाडायचीच आहे!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. वैताग इतका आला होता, की कोणावर यावा हेच समजेना. इतके दिवस दोन शहाण्या बाया, एक वर आणि एक खाली, एकमेकींशी खरं न बोलता घर बांधत सुटल्या होत्या.

"आणि मी?"

लेक दुकानाच्या दारात उभी होती. हातात कापडाची कात्री तशीच.

"तुम्ही दोघी एकमेकींचा मान राखत बसलात. मला कोणी विचारलं?" ती आईकडे वळली. "टेम्पो विकायला काढलास ना? ह्यांना बाहेर कळलं. घरी येऊन मला विचारतात, तुझ्या आईला पैशाची एवढी अडचण आहे का? काय सांगू मी?"

"अगं, तुझ्यासाठीच—"

"तेच म्हणतेय मी! माझ्यासाठी!" तिचा आवाज चिरकला. "तुला वाटलं, मोठा आकडा सांगितला तर हे लोक मला छळतील. वर्षभर मी सांगतेय बरी आहे, बरी आहे. तू दर वेळी विचारतेस नक्की ना, आणि उत्तर काही दिलं तरी ऐकत नाहीस. सासूबाई मोठ्याने बोलतात, आई. सगळ्यांशी बोलतात. कापडाशी बोलतात. त्या दिवशी तू तीन म्हणालीस आणि मला तिथेच कळलं, तू काय करतेयस ते. म्हणजे मी इथे नांदायची ती तू मागून पैसे भरतेस म्हणून, असंच ना?"

बाईंनी कमरेची फीत उगाच बाहेर ओढली आणि परत सोडली.

विहीणबाई खाकरल्या. त्यांना असली शांतता सहन होत नसे. "पाच चाळीस म्हणालात. पन्हाळ, पट्टी आणि पडवी धरून पाच साठ करा."

"सहा लाख पाच हजार," बाईंच्या तोंडून आपोआप निघालं. "एक पैसा कमी नाही. काचेची कौलं विसरलात."

"सहा."

"सहा पाच. आणि शेड पाडायची असेल तर तेही वेगळं."

विहीणबाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "आता कशा विहीणबाईंसारख्या बोललात," त्या म्हणाल्या आणि पैशांचं बघायला आत गेल्या. जाता जाता खिडकीकडे बघून ओरडल्या, "आत्याबाई, पडदा सोडा, कापड नवीन आहे!"

लेक अजून तिथेच उभी होती. मग तिने कात्री गल्ल्यावर ठेवली, आईचा हात धरला आणि तिला जिन्याने वर घेऊन गेली. बाई त्या खोलीच्या वर किती दिवस चढल्या होत्या, पण खोलीत कधी आल्या नव्हत्या. दारातून डोकावल्या असतील एक-दोनदा, तेही मान वर करून डाग बघायला. आता त्या पलंगावर बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा खोली बघितली. खिडकीला लेकीने स्वतः शिवलेले पडदे होते, दोन रंगांचे, वेडेवाकडे. टेबलावर नमुन्याच्या कापडांची चळत आणि त्यावर खडूच्या खुणा, अर्ध्या लेकीच्या हाताच्या, अर्ध्या दुसऱ्या कोणाच्या तरी ठसठशीत हाताच्या. पुढच्या महिन्यापासून मापं घ्यायला घरोघरी हीच जाणार होती, दुकानाचं ते काम सासूबाईंनी तिच्यावरच सोपवलं होतं. हे तिने आताच सांगितलं. फोनवर सांगायला गेली होती दोनदा, पण दोन्ही वेळा आईने मधेच विचारलं होतं, जेवतेस ना वेळेवर?

"रागावलीस?" बाईंनी विचारलं.

"हो. खूप."

"अजून?"

"अजून. उद्यापर्यंत तरी राहीन."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना संताप आला. पदर सापडेना, हाताला कौलांची लाल धूळ, ती डोळ्यांत गेली.

"रडू नकोस," लेक म्हणाली. "सासूबाईंना वाटेल मी तुला काहीतरी बोलले."

"बोललीसच की."

लेकीला हसू आलं. ती आईशेजारी टेकली आणि आपल्या ओढणीने तिचे डोळे पुसत म्हणाली, "मी इथे खरंच सुखात आहे गं आई. माझी काळजी करायची तुला आता गरज नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि ते त्या अगदी मनापासून म्हणाल्या. हेच ऐकायला तर त्यांनी टेम्पो विकायला काढला होता. पण ऐकल्यावर छातीत कुठेतरी एकदम रिकामं झालं. आता रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण कोणाची काळजी करायची, हे त्यांना काही केल्या सुचेना. त्या थोडा वेळ लेकीचा हात धरून तशाच बसल्या. मग उठल्या, कमरेची फीत सारखी केली आणि म्हणाल्या, "चल, सोड आता. वर मिस्त्री खोळंबलेत."